बदली वादक : ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर

[भित्तिचित्र. नॉर्थ ब्रॉड स्ट्रीट, फिलाडेल्फिया]

फिलाडेल्फियात ब्रॉड आणि डायमंड रस्त्यांच्या चौकाजवळ ही भिंत आहे, आणि हे अमेरिकी जाझ सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर. जन्म बफेलोचा, १२ डिसेंबर १९४३चा. पण फिलाडेल्फियाने त्यांना आपलं म्हटलं. इथल्या एका शाळेलाही त्यांचं नाव आहे.

[जुनी छायाचित्रं]

वडील स्वतः सॅक्सोफोन वाजवायचे, जाझच्या रेकॉर्डही जमवायचे. आई चर्चमध्ये गायची. पोरवयात ग्रोव्हर बफेलोच्या क्लबांत चोरून शिरायचे, ब्लूज ऐकायला. त्यांच्या वादनातला गोडवा ऐकताना हे घर आणि हे क्लब विसरू नयेत. पुढे लष्करात ड्रमवादक बिली कॉबम भेटले, आणि १९६७मध्ये फिलाडेल्फिया गाठलं.

[व्हॅन गेल्डर स्टुडिओ. कॅमेरा छताकडे]

न्यू जर्सीतला रूडी व्हॅन गेल्डर यांचा हा स्टुडिओ. देवळाच्या सभामंडपासारखं उंच, लाकडी छत. १९७१ साली निर्माते क्रीड टेलर यांनी इथे ध्वनिमुद्रण ठरवलं होतं ते सॅक्सोफोनवादक हँक क्रॉफर्ड यांच्यासाठी. बॉब जेम्स यांचं संगीतसंयोजन तयार होतं. क्रॉफर्ड येऊ शकले नाहीत. ग्रोव्हर साथीला होते. त्यांनाच पुढे उभं केलं.

[सॅक्सोफोन, जवळून. ओठ, रीड, बोटं]

सॅक्सोफोन लहानमोठे असतात : आल्टो लहान, टेनर त्याहून मोठा. क्रॉफर्ड आल्टोवाले, ग्रोव्हर मुख्यतः टेनरवाले. दोन्ही वाद्यांवर बोटं सारखीच पडतात, पण आल्टोचं तोंड लहान, आणि रीड, म्हणजे तोंडाशी बसवलेली पातळ पट्टी, तीही लहान. ओठांचा दाब बदलावा लागतो, फुंकही बदलते. दाब जराही चुकला तर सूर चढतो, नाहीतर फाटतो. गायक मार्व्हिन गे यांचं ‘इनर सिटी ब्लूज’ हे गाणं ग्रोव्हर यांच्या आल्टोवर ऐका. बदलीवर आलेला माणूस वाजवतोय, असं कुठे वाटतं का?

अल्बमवर नाव लागलं ते ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर यांचं.

[‘मिस्टर मॅजिक’. तबकडी फिरते]

१९७५. नऊ मिनिटांची ही रचना. एरिक गेल यांची गिटार, हार्वी मेसन यांचे ड्रम. सॅक्सोफोन घाई करत नाही. एक वाक्य म्हणतो, थांबतो, मग पुढचं. त्या थांबण्यातच सगळी कमाई आहे.

[‘वाइनलाइट’चं मुखपृष्ठ]

१९८०. ‘जस्ट द टू ऑफ अस’. आवाज बिल विदर्स यांचा, बेस मार्कस मिलर यांचा, ड्रम स्टीव्ह गॅड यांचे. मधला तो टणटणीत आवाज स्टील पॅनचा, म्हणजे पोलादी पिंपापासून घडवलेल्या वाद्याचा; वादक रॉबर्ट ग्रीनिज. मग ग्रोव्हर येतात. गाणं अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, अल्बमला ग्रॅमी मिळालं. याच अल्बममधली एक रचना फिलाडेल्फियाचे बास्केटबॉलपटू डॉक्टर जे यांच्यासाठी आहे.

या वाटेने पुढे कितीतरी वादक आले, रेडिओवर ‘स्मूद जाझ’ची, म्हणजे या मवाळ, सुरेल जाझची, वेगळी केंद्रं झाली. आणि या संगीताला पार्श्वभूमीला लावायची वस्तू समजलं गेलं. ग्रोव्हर यांच्या बाबतीत हा अन्याय आहे.

[सोप्रानो. मंचावरचं चित्रीकरण, पूर्ण आवाजात]

सोप्रानो, आल्टो, टेनर, बॅरिटोन. हे चारही सॅक्सोफोन त्यांच्या हाती होते. हा सरळ नळीचा सोप्रानो सुरात धरणं फार अवघड. बघा, चेहऱ्यावर ताण दिसत नाही.

१७ डिसेंबर १९९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये, एका दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी चार रचना वाजवून झाल्यावर, हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वय ५६. ऑपेरातल्या गीतांवरचं त्यांचं ध्वनिमुद्रण आधीच झालेलं होतं. ‘आरिया’ हा तो अल्बम २०००मध्ये आला.