ई-रीडर घेण्याआधी पुस्तकांची यादी करा

मंडळी, कोणता ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, घेऊ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, येत्या वर्षात काय काय वाचणार आहात? त्याची यादी करा, आणि प्रत्येक पुस्तकापुढे ते कुठून मिळणार तेही लिहा. यंत्राची निम्मी निवड तिथेच होते. आपण मात्र किंमत, जीबी आणि रंगीत पडदा यांपासून सुरुवात करतो.

पडद्याचं आधी उरकून घेऊ. ॲमेझॉनचं किंडल, कोबो, पॉकेटबुक या यंत्रांतला पडदा सहसा ई-इंक या एकाच कंपनीचा असतो. अमेरिकेतल्या एमआयटीतल्या मंडळींनी १९९७ साली ती काढली. पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या, त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे काळे-पांढरे कण. वीज दिली की हवे ते कण वर येतात आणि तिथेच थांबतात. त्यामुळे वीज मुख्यतः पान उलटताना लागते आणि चार्जिंग आठवडे पुरतं. उजेड मोबाइलसारखा मागून येत नाही, कडेच्या एलईडीतून पडद्यावर पसरतो. ३०० पीपीआयची, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांची, घनता मात्र बघाच. १६७ पीपीआयच्या जुन्या यंत्रावर ‘ष्ट्र’, ‘द्ध’ बारीक टायपात गचाळ दिसतात. जुनं यंत्र स्वस्तात मिळत असेल तर हे आधी तपासा. रंगीत पडद्यावर रंगांची घनता साधारण १५० पीपीआयच असते. कथा-कादंबरी वाचणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

मराठी वाचकाला खरं अडवतं ते पीडीएफ. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरची पुस्तकं, ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत पुस्तकं, इंटरनेट आर्काइव्हवरचे जुने स्कॅन, हा मोठा साठा बहुतेक पीडीएफमध्येच आहे. ईपब या ई-पुस्तकांच्या फाइलप्रकारात अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने जुळतात. पीडीएफमध्ये अख्खं पान मोठं होतं आणि ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो. आपलं नेहमीचं डेमी पुस्तक साडेपाच बाय साडेआठ इंचांचं. ते सहा इंची पडद्यावर पूर्ण बसवलं तर बारा पॉइंटचं अक्षर जेमतेम सात पॉइंटचं उरतं. ए-फोर पान असेल तर पाच पॉइंटचं! दहा इंची पडद्यावर डेमी पान जवळजवळ मूळ आकारात दिसतं.

मग लोक म्हणतात, ईपब करून घेऊ. कोविद गोयल यांचा कॅलिबर हा मोफत प्रोग्रॅम ते करतो, पण प्रत्येक पीडीएफचं नाही. घरीच तपासा. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून मेसेजमध्ये चिकटवा. मराठी जशीच्या तशी उमटली तर आशा आहे. रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला आला तर पुस्तक युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेलं आहे. ओळ निवडताच आली नाही तर तो स्कॅन, म्हणजे नुसतं चित्र. यादीत असली पुस्तकं जास्त असतील तर दहा इंची यंत्रच घ्या. महाग पडतं, पण सहा इंची घेऊन ते कपाटात पडून राहण्यापेक्षा बरं.

विकत घेऊन वाचणाऱ्यांचं गणित वेगळं. किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून अधिकृतपणे मिळतात, आणि स्वतःजवळचं ईपबही त्यावर पाठवता येतं. पण किंडलच्या दुकानातलं पुस्तक सहसा कोबोवर जात नाही. फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेलं पुस्तक संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून घेण्याची सोयही ॲमेझॉनने बंद केली. मुलाबाळांसाठी संग्रह जमवायचा आहे त्यांनी याचा गांभीर्याने विचार करावा. बुकगंगावरून ई-पुस्तकं घेत असाल तर ती त्यांच्या ॲपमध्ये वाचायची असतात. त्यासाठी बूक्ससारखं अँड्रॉइडवर चालणारं यंत्र बघा. त्याला चार्जिंग मात्र अधिक वेळा लागतं. परदेशात मुलांकडे राहणाऱ्यांना तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाची पुस्तकं कोबोवर ओव्हरड्राइव्ह या ग्रंथालयांच्या ई-पुस्तक सेवेतून थेट घेता येतात. किंडलवर ती सोय फक्त अमेरिकेत आहे.

पडून वाचता? मग वजन बघा. २०२२ चं साधं किंडल १५८ ग्रॅमचं, २०२४ चं सात इंची पेपरव्हाइट २११ ग्रॅमचं. हात दुखणाऱ्यांना हा फरक तासाभराने कळतो. बोटं कडक झाली असतील तर पान उलटायला बटणं असलेलं कोबो लिब्रा बघा. कविता आणि ओव्या वाचणाऱ्यांना मी सात इंचांखाली जाऊ नका म्हणेन. सहा इंचांवर टाइप मोठा केला की चरण मध्येच तुटतो, आणि कवीने ओळ जिथे मोडली तिथे ती मोडलेली दिसत नाही.

यंत्र बघायला जाताना यादीतलं एक मराठी पुस्तक फाइल म्हणून सोबत न्या. विक्रेत्याचा नमुना बहुधा इंग्रजीच असतो. आपली फाइल उघडा, टाइप दोनदा वाढवा, ‘वाऱ्यावर’ आणि ‘कृष्ण’ असे शब्द शोधून काढा. रफार, ऱ्य आणि वेलांट्या जागच्या जागी आहेत का बघा, आणि दहा-बारा पानं उलटून झाल्याशिवाय पैसे देऊ नका.