हिवाळ्यात जनावरांचं पाणी

मंडळी, लडाखमध्ये हिवाळ्यात जनावरांच्या पाण्यावर बर्फ धरतो. आपल्याकडे तेवढी वेळ येत नाही. पण परभणीचा पारा पाच अंशांच्या खाली गेलेला तुम्ही पाहिलाय. तशा पहाटे उघड्या हौदात हात घालून बघा, बोटं बधिर होतात. आणि धार काढून झाली की तेच पाणी आपण गाईपुढं ठेवतो. दिवसातलं सगळ्यात जास्त पाणी गाय धारेनंतरच पिते, हे लक्षात घ्या.

ती काय करते ते नीट बघा. तोंड लावते, दोन घोट घेते, मान वर करते आणि बाजूला होते. आपण म्हणतो, थंडीचे दिवस आहेत, तहान नसेल. तहान असते! दावणीत कोरडा कडबा आणि सोयाबीनचं भुसकट, त्यात पाणी जेमतेम १० टक्के. हिरवा चारा कमी झाला की त्यातून पोटात जाणारं पाणीही तुटतं. मग शेण घट्ट, थरावर थर बसल्यासारखं पडायला लागतं. दूध आटायच्या आधी ही खूण दिसते. दुधात ८७ टक्के पाणीच आहे. ते येणार कुठून?

शिवाय प्यालेलं पाणी तिला अंगाच्या उबेवर, म्हणजे साधारण ३८.५ अंशांवर आणावं लागतं. १० अंशांचं ४० लिटर पाणी असेल तर त्यासाठी ११४० किलोकॅलरी लागतात. तेच पाणी २५ अंशांचं असलं तर ५४०.

आणि २५ अंशांचं पाणी आपल्याजवळ आहे. जमिनीच्या पोटात थंडी सहज उतरत नाही, म्हणून विहिरीचं, बोअरचं पाणी हिवाळ्यातही कोमट लागतं. पहाटे हापशाच्या पाण्यातून वाफा निघतात, त्या यामुळेच. आपण ही ऊब घालवतो कशी? शेतीची वीज रात्रीची असली की मोटार रात्री चालते, पसरट हौद काठोकाठ भरतो आणि उजाडेपर्यंत निरभ्र आभाळाखाली उघडा पडून राहतो. माझं म्हणणं एवढंच आहे की पाणी तापवू नका, आलेली ऊब राखा.

कॅनडासारख्या देशात गोठणाऱ्या थंडीतही काही शेतकरी विजेशिवाय हेच करतात. मोठ्या यंत्राचा जुना टायर अर्धा जमिनीत पुरून त्याचा हौद करतात. त्याच्या खाली एक रुंद पाइप उभा गाडतात, थंडी पोचत नाही तिथपर्यंत खोल. त्यातून जमिनीची ऊब वर येत राहते. वरून झाकण, फक्त तोंड जाईल एवढं भोक ठेवलेलं. मिठाच्या पाण्याची बाटली हौदात तरंगत ठेवायचा उपायही सांगतात, पण ती बाटली पाणी तापवत नाही. वाऱ्यानं हलली तर बर्फाचा पातळ पापुद्रा मोडेल, इतकंच.

आपल्याला पाइप गाडायची गरज नाही. झाकण मात्र आजच करा, कारण सगळ्यात जास्त ऊब वरूनच जाते. फळी टाका, खाली जाड गोणपाट लावा. झाकलेल्या पाण्यात शेवाळही कमी धरतं. नवा हौद बांधणार असाल तर पसरट नको. खोल बांधा, निम्मा जमिनीत घ्या. प्लास्टिकची टाकी असेल तर भोवती वीतभर जाडीचं पाचट किंवा भुसकट बांधा आणि त्यावर ताडपत्री. ताडपत्री विसरू नका, भिजलेलं पाचट ऊब धरत नाही. चूल जवळ असेल तर पाचट तिच्यापासून लांब ठेवा, पेट घेईल.

ऊसतोडीला गेलेल्या आपल्या बीडकडच्या माणसांची मला फार काळजी वाटते. अंधारात बैल जुंपायचे, तळावर हौद कुठला? त्यांना एक ड्रम खड्ड्यात बसवून पाचटानं झाकता येईल. पाचटाला तिथं तोटा नाही.

नुकत्याच व्यालेल्या गाईला आणि लहान वासरांना तेवढं पातेलंभर कोमट पाणी चुलीवरून द्या. बाकीच्यांना धारेनंतर टाकीतलं राखलेलं पाणी, आणि दहा-अकराला ऊन तापलं की पुन्हा एकदा, तेव्हा मनसोक्त पितात. शेळ्यांनाही तेव्हाच दाखवा. सकाळी त्या हौदाकडं फिरकत नाहीत.