डाकोटाचा दरवाजा

नमस्कार, श्रोतेहो.

१७ डिसेंबर १९३५ रोजी अमेरिकेत पहिले उड्डाण केलेले डग्लस डीसी-३ हे मुळात प्रवासी विमान. दुसऱ्या महायुद्धात त्याची आतली जमीन भक्कम करण्यात आली, डाव्या बाजूला मालासाठी रुंद दरवाजा बसवला गेला आणि त्याचे सी-४७ झाले. ब्रिटिशांनी त्याला डाकोटा म्हटले. आपल्याकडेही तेच नाव रुळले. या विमानाची सारी कर्तबगारी मला त्या दरवाजातच दिसते.

शेपटीखाली लहानसे चाक असल्यामुळे जमिनीवर उभे असताना विमानाचे नाक वर असे, म्हणजे माल भरणाऱ्यांना प्रत्येक पेटी आतल्या आत चढावर ढकलत न्यावी लागे. उतरवताना मात्र घाई. १९४४ मध्ये जपानी सैन्याने कोहिमाला वेढा घातला, तेव्हा याच दरवाजातून हवाई छत्र्या (पॅराशूट) बांधून दारूगोळा, अन्न आणि चक्क पाणीही खाली सोडले गेले, आणि त्यातला काही भाग वाऱ्यामुळे शत्रूच्या हाती पडला.

पाकिस्तानातून आलेले टोळीवाले काश्मीरवर चालून आले, तेव्हा २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे दिल्लीहून निघालेल्या डाकोटांनी लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांच्या पहिल्या शीख पलटणीचे जवान श्रीनगरच्या कच्च्या धावपट्टीवर उतरवले. धावपट्टी आपल्या ताब्यात आहे की नाही, याचीही निघताना खात्री नव्हती. शंका आल्यास जम्मूला जाऊन उतरावे, असे आदेश होते. त्या दिवसांत खासगी विमान कंपन्यांची डाकोटाही या कामाला जुंपली होती, हे सहसा कोणी सांगत नाही. पुढे याच युद्धात, बॉम्बफेकी विमानांची वाण असल्यामुळे, त्याच दरवाजातून हातांनी ढकलून बॉम्बही टाकले गेले. मालवाहू विमानाकडून हे काम करून घेणे म्हणजे बैलगाडी शर्यतीत उतरवणेच, पण ते केले.

२४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग मेजर जनरल थिमय्यांना सोबत घेऊन लेहला उतरले. साडेदहा हजार फुटांहून अधिक उंचीवर, सिंधूकाठी घाईने सपाट केलेली ती धावपट्टी. वाटेत त्याहून कितीतरी उंच पर्वतरांगा. आणि विमानात हवेचा दाब राखण्याची सोयच नाही. या उड्डाणाच्या मानाने पुढची अनेक वर्षे, रसद पोहोचवण्यात गेलेली, फार बोलकी नाहीत.

११ डिसेंबर १९७१ रोजी, बांगलादेश युद्धात, तिथल्या तंगाईलजवळ दुसऱ्या पॅरा म्हणजे छत्रीधारी पलटणीने छत्र्यांसह उड्या घेतल्या, त्या विमानांच्या ताफ्यात अधिक मोठ्या, अधिक नव्या विमानांबरोबर डाकोटाही होतीच.

हवाई दलातून डाकोटा निवृत्त झाल्यानंतर कित्येक वर्षांनी एक जुने विमान ब्रिटनमध्ये दुरुस्त करून २०१८ मध्ये पुन्हा भारतात उडत आणले गेले. त्याचे नाव ‘परशुराम’, आणि त्यावर रंगवलेला क्रमांक व्हीपी ९०५, श्रीनगरला पहिली तुकडी नेणाऱ्या डाकोटाचा.