सुई एकाची, रक्त चौघांचं

संध्याकाळचे सात वाजलेत. पुणे नाक्यावर ट्रकची रांग लागलीय, कुणी हैदराबादला, कुणी विजापूरला. या गर्दीतून पाठीला काळी सॅक लावून चाललेत ते दादा बघा, सुईनं नशा करणाऱ्या पोरांची जुनी सुई घेऊन नवी देतात. त्यांचं नाव सांगत नाही आणि पुढं ते जिथं बसतात ती जागा पण सांगत नाही, कारण जागा कळली, हाकलाहाकली झाली की पोरं अशी पांगतात की महिनाभर सापडत नाहीत.

सॅकमध्ये सीलबंद सिरिंज, स्पिरिटचे बोळे, कंडोम आणि हा पांढरा जाड डबा, सुईनं भोक पडत नाही असला. "का बे, जेवलास का?" पहिला प्रश्न रोज हाच. मग जुनी सुई डब्यात, नवी हातात. टोपण परत लावायचं नाही, तेव्हाच बोटात घुसते.

आता हा शॉट नीट बघा. सिरिंजमध्ये लाल पाणी भरलंय. दट्ट्या पार शेवटपर्यंत दाबला, तरी सुईच्या बुडाशी लाल थेंब अडकलाच ना? नशेचं इंजेक्शन घेताना सुई शिरेत बसली का बघायला दट्ट्या मागं ओढतात, तेव्हा रक्त आत येतं आणि असंच अडकून राहतं, मग तीच सुई दुसऱ्यानं टोचली की ते थेट त्याच्या शिरेत. उघड्यावर एचआयव्ही फार टिकत नाही, पण सिरिंजच्या आत कित्येक दिवस राहू शकतो आणि नुसत्या पाण्यानं धुवून भागत नाही. चमचा, कापूस, पाणी एकच वापरलं तरी धोका आहेच, लिव्हर खराब करणारा हिपॅटायटिस सी तर एचआयव्हीहून सहज पसरतो.

हा नकाशा मणिपूरचा. म्यानमारच्या हद्दीवरचं मोरे, तिथून इंफाळकडं येणारा रस्ता, त्याच रस्त्यानं हेरॉईन यायचं. सप्टेंबर १९८९ पर्यंत तिथं सुईनं नशा करणाऱ्यांच्या तपासणीत एचआयव्ही सापडत नव्हता. पुढच्या सहा महिन्यांत तपासलेल्यांपैकी निम्मे पॉझिटिव्ह! पुढं त्यांच्या बायका, लेकरं.

आपल्याकडं एचआयव्ही पसरला तो मुख्यतः लैंगिक संबंधांतून, हायवेच्या गावांना हे वेगळं सांगायला नको. पण सुईचा वेग मणिपूरनं दाखवलाय, म्हणून म्हणतो, नवी सुई देणं म्हणजे नशेला फूस नाही हो. ती घ्यायला पोरगं रोज येतं, रोज आलं की बोलतं, आणि बोलता बोलता एक दिवस सुईच्या नशेऐवजी देतात त्या, जिभेखाली विरघळणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीवर यायला तयार होतं. ती गोळी रोज समोर बसवून देतात, सुई सुटायला लागते.

हा सिव्हिल हॉस्पिटलचा जिना. एचआयव्हीची तपासणी फुकट, २००४ पासून एचआयव्ही दाबून ठेवणारी सरकारी एआरटीची औषधं पण फुकट. निळ्या शर्टातला पोरगा दादांच्या मागं मागं चढतोय, मधेच थांबला, दादा दोन पायऱ्या खाली आले. रिपोर्ट काय आला ते आम्ही विचारलं नाही, २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं ती गोष्ट त्याची त्याच्याजवळ.

कॅमेरा दाराबाहेरच थांबला.