कॅमेरामन निहलानी

मंडळी, गोविंद निहलानी म्हटलं की 'आक्रोश', 'अर्धसत्य', 'तमस' ही नावं लगेच ओठांवर येतात. मला आज त्यांच्यातल्या कॅमेरामनबद्दल बोलायचंय. माझं ठाम मत आहे की दिग्दर्शक निहलानी त्या कॅमेरामनच्या हाताखाली घडले.

१९४० साली कराचीत जन्म. फाळणीत घरदार सुटलं, कुटुंब भारतात आलं. पुढे बंगळूरच्या पॉलिटेक्निकमध्ये ते सिनेमॅटोग्राफी शिकले आणि व्ही. के. मूर्तींचे सहायक झाले. मूर्तीही तिथेच शिकलेले. 'कागज के फूल'मध्ये स्टुडिओच्या अंधारात वरून उतरणारा तो प्रकाशाचा झोत आठवा, तो मूर्तींचा. अशा माणसाजवळ उमेदवारी केली की उजेडाइतकाच अंधारही कळायला लागतो.

१९७१ मध्ये सत्यदेव दुबेंनी 'शांतता! कोर्ट चालू आहे'चा सिनेमा केला. छायाचित्रण निहलानींचं, लेखन अर्थातच मूळ नाटककार विजय तेंडुलकरांचं. त्यानंतर श्याम बेनेगल: 'अंकुर', 'निशांत', 'मंथन', 'भूमिका', 'जुनून'. 'जुनून'च्या छायाचित्रणाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला मोलाचं वाटतं ते वेगळंच. ही सगळी वर्षं ते दुसऱ्याच्या गोष्टीसाठी कॅमेरा लावत होते. आपली चौकट सुंदर दिसावी हा मोह दृश्यासाठी बाजूला ठेवायचा, ही शिस्त तिथे अंगी बाणते.

मग १९८० साली 'आक्रोश' आला. पटकथा तेंडुलकरांची, कॅमेरा निहलानींचा स्वतःचा. आता गंमत बघा. संवाद ही ज्यांची ताकद, त्या तेंडुलकरांनी नायक दिला तो न बोलणारा! बायकोच्या खुनाचा आळ आलेला आदिवासी लहान्या भिकू हातात बेड्या घालून तिच्या चितेला अग्नी देतो. वकील भास्कर कुलकर्णी परोपरीने विचारतो, विनवतो, चिडतो, हा गप्प. दुसरा एखादा नवखा दिग्दर्शक इथे घाबरला असता. पार्श्वसंगीताने किंवा दुसऱ्या पात्राच्या तोंडून त्याने ती पोकळी भरून टाकली असती. निहलानींनी सगळा भार लहान्या झालेल्या ओम पुरींच्या चेहऱ्यावर टाकला. त्या खडबडीत कातडीवर, त्या डोळ्यांवर उजेड किती पडू द्यायचा हे ते स्वतःच ठरवत होते, म्हणून हे धाडस त्यांना झेपलं. लहान्याचा आवाज शेवटी फुटतो, तेव्हा आपण त्याला इतका वेळ नुसतं पाहिलेलं असतं, आणि तेच पाहणं त्या किंकाळीला धार लावतं.

'अर्धसत्य'चाही कॅमेरा त्यांचाच. श्री. दा. पानवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा, दिलीप चित्र्यांची कविता आणि मराठी रंगभूमीवरून उचललेले सदाशिव अमरापूरकर! सिंधी माणसाने मराठी लेखक-नटांवर एवढी भिस्त ठेवली, याचं अप्रूप आपण पुरेसं केलेलं नाही.

१९८८ साली दूरदर्शनवर भीष्म साहनींच्या कादंबरीवरचं 'तमस' आलं. विषय फाळणीचा, निहलानींनी लहानपणी सोसलेला. त्या वेळी कॅमेऱ्यामागे कोण होते? व्ही. के. मूर्ती. आयुष्यातला सगळ्यात जवळचा विषय हाताळताना शिष्याने गुरूला बोलावलं. दोघांबद्दलचा माझा आदर या एका गोष्टीने दुणावला.

आणि २०१७ मध्ये 'ती आणि इतर'. मराठीत, स्वतःच्या दिग्दर्शनात. शेजारून एका बाईच्या किंकाळ्या ऐकू येतात आणि घरात बसलेली सुशिक्षित माणसं काय करावं यावर चर्चा करत राहतात. इथे गोष्ट किंचाळणाऱ्या बाईची नाही, ऐकणाऱ्यांची आहे.