डियामांडा गॅलास: गोडव्याला नकार

नमस्कार, श्रोतेहो.

बाईचं गाणं म्हटलं की आपला कान आधीच गोडव्याची वाट पाहत असतो. गाणं दुःखाचं असलं तरी चालतं, पण ते डोळ्यांत पाणी आणणारं हवं, अंगावर येणारं नको. डियामांडा गॅलास ही गायिका नेमकी अंगावर येते, आणि म्हणूनच मला ती फार मोलाची वाटते.

१९५५ साली अमेरिकेतल्या सॅन डिएगोत, ग्रीक वंशाच्या कुटुंबात तिचा जन्म झाला. तिनं ऑपेराच्या गायकीचं रीतसर शिक्षण घेतलं. त्यामुळे तिचं किंचाळणं हा निव्वळ आरडाओरडा नाही. टिपेचा स्वच्छ सूर ती लावते, तोच सूर पाहता पाहता चिरकतो, खाली येतो, गुरगुरतो. कधी ती एकाच वेळी अनेक मायक्रोफोन वापरते. मग एकटी बाई गातेय असं वाटतच नाही. जमावच चालून आल्यासारखा भास होतो.

१९८६ साली तिचा नाटककार भाऊ फिलिप एड्सनं गेला. त्या काळात या रुग्णांना पापी ठरवणारे थोडे नव्हते. अशा वेळी बहिणीनं हळुवार शोकगीत गावं, ही जगाची अपेक्षा. गॅलासनं मात्र ग्रीसच्या ‘मानी’ नावाच्या भागातल्या बायकांची वाट धरली. तिथं मृतासाठी विलाप करणं हे बायकांचं काम, आणि त्या विलापात नुसते अश्रू नसत. खुनाचा सूड घ्या, असं बायका पुरुषांना उघड बजावत. म्हणजे बाईचा हा आवाज गॅलासनं नव्यानं शोधलेला नाही. तो जुनाच आहे, मैफलीत त्याला जागा नव्हती एवढंच.

ऑक्टोबर १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथेड्रलमध्ये ती ‘प्लेग मास’ गायली. ‘मास’ म्हणजे चर्चमधली प्रार्थनाविधी, आणि इथला ‘प्लेग’ म्हणजे एड्सची साथ. कमरेपर्यंत उघडी, अंगावर रक्तासारखा लाल द्रव. बायबलमधल्या लेवीयच्या पुस्तकातले शुद्ध-अशुद्धाचे नियम ती तिथं, देवळातच, ओरडून म्हणते. रोग्याला विटाळ ठरवणारे ते शब्द तिच्या तोंडून थेट ठरवणाऱ्यांवरच आदळतात.

या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ऐकाल तेव्हा आवाज फार लहान ठेवू नका. आणि एकदम सगळं झेपलं नाही, तर थोडं थोडं ऐका.