स्कॉटी मूरची सोनेरी गिटार

नमस्कार मंडळी. आज गिटारींबद्दल बोलायचंय. माणूस एक, गिटारी तीन. पण पहिलीवर माझा इतका जीव आहे की बाकीच्या दोघींच्या वाट्याला किती वेळ येईल, सांगता येत नाही.

माणसाचं नाव स्कॉटी मूर. रॉक अँड रोल गाणारा एल्विस प्रेस्ली सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या डाव्या-उजव्या हाताला उभं राहून जो मुकाट्याने गिटार वाजवायचा, तो हा स्कॉटी. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला, १९३१ सालचा जन्म. नौदलात चार वर्षं काढून १९५२ मध्ये बाहेर पडला आणि मेम्फिस शहरात आला. दिवसा भावाच्या लाँड्रीत फेल्ट हॅट धुऊन त्यांना पुन्हा आकार देण्याचं काम, आणि रात्री बारमध्ये कंट्री संगीत.

त्याच्याकडे आधी फेंडर कंपनीची एस्क्वायर होती. सबंध लाकडाच्या फळीची, चपटी गिटार. ती हाउक नावाच्या दुकानात एक्स्चेंजमध्ये दिली आणि १९५३ मध्ये गिब्सनची ईएस २९५ घेतली. आतून पोकळ, पोट फुगीर, आणि रंग? सोनेरी. पुढून सोनेरी, मागून सोनेरी, बाजूंनीही सोनेरी. लग्नाच्या बँडमध्येच शोभावी अशी! तारांखाली दोन पी-९० पिकअप. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. वरची पोलादी तार थरथरली की खाली विजेचा क्षीण प्रवाह निघतो, तो अँप्लिफायर मोठा करतो. पी-९० थोडा गुणगुणतो, कुरकुरतो, पण त्याच्या आवाजाला अंग असतं. पोकळ लाकूड आणि पी-९०, एवढं लक्षात ठेवा.

आता ती रात्र.

४ जुलै १९५४, रविवार. मेम्फिसमधल्या सन रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीच्या सॅम फिलिप्सने स्कॉटीला एका पोराचं नाव दिलं होतं. वय १९, एका इलेक्ट्रिक कंपनीचा ट्रक चालवतो, आवाज बरा आहे, जरा ऐकून सांग. पोरगा स्कॉटीच्या घरी आला तो गुलाबी पँट घालून. शेजारीच राहणारा बिल ब्लॅकही, डबल बास हे माणसाएवढं उभं तंतुवाद्य वाजवणारा, डोकावून गेला. पोराने येतील ती सगळी गाणी म्हटली, बहुतेक संथ, गळ्यात दाटून आलेली. पोरगा गेल्यावर बिल म्हणाला, काही विशेष नाही. स्कॉटीचंही फार वेगळं मत नव्हतं. त्याने सॅमला फोन केला, आवाज चांगला आहे म्हणाला. सॅम म्हणाला, उद्या संध्याकाळी स्टुडिओत या, टेपवर कसा वाटतो ते बघू.

सोमवार, ५ जुलै. ७०६, युनियन अ‍ॅव्हेन्यू. स्टुडिओ म्हणजे एक लहानशी खोली आणि काचेपलीकडे सॅम. वादक दोन, गाणारा एक. ड्रम नव्हते. हे मी आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे: ड्रम नव्हते.

एक संथ गाणं झालं. दुसरं झालं. पुन्हा पहिलं. काही केल्या जमेना. रात्र चढत चाललेली, स्कॉटीला सकाळी लाँड्री, एल्विसला ट्रक. सॅम चांगला कान असलेला माणूस, पण त्यालाही वाटायला लागलं असणार की आजची रात्र गेली. सगळे थांबले. कोकाकोलाच्या बाटल्या उघडल्या.

आणि थांबलेलं असताना या पोराने स्वतःची साधी गिटार उचलली आणि आर्थर क्रुडपचं जुनं ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या संगीतातलं, गाणं म्हणायला लागला, ‘दॅट्स ऑल राइट’. म्हणायला लागला म्हणजे काय, नाचायला, उड्या मारायला लागला. नुसता वात्रटपणा! बिलने डबल बास उचलला आणि त्यानेही माकडचेष्टा सुरू केल्या, तारा ओढून बासच्या गळ्यावर फटकारायला लागला. स्कॉटीने ती सोनेरी गिटार घेतली आणि सूर कोणता ते शोधत मागोमाग गेला.

काचेपलीकडचं दार उघडंच होतं. सॅमने डोकं बाहेर काढून विचारलं, हे काय चाललंय? उत्तर आलं, आम्हालाही माहीत नाही. सॅम म्हणाला, मग मागे जा, सुरुवात कुठून करायची ते शोधा, आणि पुन्हा करा.

बस्स, एवढंच. ‘चला, आता इतिहास घडवू या’ असं कोणी म्हटलं नाही. दमलेल्या तीन माणसांनी मधल्या सुट्टीत केलेला टवाळपणा, आणि तो ऐकून दारातून डोकावलेला चौथा. आता मला सांगा, आजच्या स्टुडिओत हे घडेल? तिथे सुट्टीत मशीन बंद करतात, आणि मशीन सुरू असतं तेव्हा गाण्यातला श्वाससुद्धा कॉम्प्युटरवर पुसून टाकतात. गाणं स्वच्छ करता येतं म्हणून केलंच पाहिजे, हा हट्ट कुणाचा असतो मला कळत नाही. असो. (क्रुडपला त्याच्या गाण्यांचे पैसे शेवटपर्यंत धड मिळाले नाहीत, हेही जाता जाता सांगून ठेवतो.)

तर पुन्हा करायचं ठरलं. पण ड्रम नव्हते ना! ठेका कोण धरणार? एल्विसची साधी गिटार खरखर करत होती, बिलचा बास थाडथाड. आणि स्कॉटी काय करत होता ते ऐकण्यासारखं आहे. मर्ल ट्रॅव्हिस, चेट अ‍ॅटकिन्स या गिटारवादक मंडळींचं ऐकून त्याने एक रीत उचलली होती. अंगठ्यात नखी, अंगठा खालच्या सुराच्या जाड तारांवर एकसारखा चालता ठेवायचा, आणि त्याच वेळी बोटांनी वरच्या तारांवर सुरावट काढायची. अंगठा ठेका, बोटं गाणं. एक माणूस, दोन कामं. आणि गिटार पोकळ, पिकअप जाडसर आवाजाचा, त्यामुळे ती दोन्ही कामं ऐकू यायची. चपट्या फेंडरवर हेच वाजवलं असतं तर खोली रिकामी वाटली असती, हे माझं मत. फेंडरवाले रागावतील, रागावू देत.

त्याच आठवड्यात मेम्फिसच्या डब्ल्यूएचबीक्यू रेडिओ केंद्रावर ड्यूई फिलिप्स या निवेदकाने रात्री ती तबकडी लावली. सॅमचा मित्र, नातेवाईक नव्हे. फोन सुरू झाले, त्याने ती पुन्हा लावली, पुन्हा लावली. एल्विस बिचारा लाजून सिनेमा थिएटरात जाऊन बसला होता. आईवडिलांनी अंधारात शोधून काढला, केंद्रावर पाठवला. घाबरलेल्या पोराला ड्यूई म्हणाला, मी सांगेन तेव्हा माइक सुरू होईल. गप्पा मारल्या, कुठल्या शाळेत होतास ते विचारलं. पोरगा म्हणाला, ह्यूम्स हायस्कूल. शाळा वर्णावरून वेगळ्या असण्याचे दिवस, त्यामुळे गाणारा गोरा आहे हे सगळ्या शहराला कळलं. मग पोराने विचारलं, मुलाखत कधी? माइक मघापासून सुरूच होता! हा ड्यूई गाणं सुरू असताना मध्येच बडबड करायचा. तसं करणाऱ्या निवेदकांची मला एरवी चीड आहे, शेवटचा सूर विरेपर्यंत आपण गप्प बसावं. पण ड्यूईला एका रात्रीपुरतं माफ.

बघा, वेळ कसा गेला. आता पटपट सांगतो.

त्या सोनेरी गिटारीचं पुढे काय झालं? वर्षभरातच, १९५५ च्या जुलैत, तीही एक्स्चेंजमध्ये गेली. तिच्या जागी गिब्सनची एल-५ आली. तीही पोकळच, पण मोठी आणि महाग. त्याच सुमारास स्कॉटीने रे बट्स नावाच्या कारागिराकडून इकोसॉनिक अँप्लिफायर घेतला. इलिनॉयमधल्या केरो गावचा हा माणूस. त्याने अँप्लिफायरच्या पोटातच टेपचा फेरा बसवला होता. त्यामुळे वाजवलेला सूर क्षणभराने पुन्हा उमटायचा, विहिरीत तोंड घालून हाक मारावी तसा. सॅम स्टुडिओत हेच दोन टेप मशीन जोडून करायचा, पण स्टेजवर ती मशीनं कशी नेणार? चेट अ‍ॅटकिन्सकडे हा अँप्लिफायर आहे हे कळताच स्कॉटीने बट्सला गाठलं. ‘मिस्ट्री ट्रेन’मधली ती धावती गिटार एल-५ आणि इकोसॉनिक यांची.

तिसरी सुपर ४००, गिब्सनची सगळ्यात थोराड पोकळ गिटार. स्कॉटीने या जातीच्या दोन वापरल्या. दुसरी १९६८ च्या टीव्ही कार्यक्रमात दिसते. सगळे गोल करून बसलेत, एल्विस काळ्या चामड्याच्या कपड्यांत, आणि तो सरळ स्कॉटीच्या हातातली ती गिटार मागून घेतो आणि तोच वाजवत बसतो. बिल ब्लॅक तोवर वारला होता. त्या कार्यक्रमानंतर स्कॉटी आणि एल्विस पुन्हा एकत्र वाजले नाहीत.

जुन्या गिटारींच्या बाजाराबद्दल एक बोलून घेतो. आजकाल कारखान्यात कोरी गिटार घासून, रंग खरवडून, जुनी दिसेल अशी करतात आणि कोऱ्यापेक्षा जास्त पैशाला विकतात. घेणारे घेतात! स्कॉटीने मात्र स्वतःची गाजलेली गिटार दुकानात देऊन नवी घेतली, कारण त्याला वाजवायला त्याहून बरं काहीतरी हवं होतं. आठवड्याला घरी असताना १०० डॉलर आणि दौऱ्यावर २०० एवढ्याच पगारावर तो एल्विसबरोबर होता, आणि त्याच कारणाने १९५७ मध्ये त्याने आणि बिलने काही काळ कामही सोडलं होतं. तरी गिटारीत हात आखडता घेतला नाही.

आता ‘दॅट्स ऑल राइट’ लावतो. पुरती दोन मिनिटंही नाहीत. पहिल्यांदा ऐकताना एल्विसकडे लक्ष जाईलच, म्हणून दोनदा लावणार आहे. दुसऱ्या वेळी फक्त स्कॉटीचा अंगठा ऐका. ड्रम नाहीत. मी गप्प बसतो.